घरी लाजवर्दचे दागिने करताय? मग दगड सगळ्यात शेवटी बसवा

गेली काही वर्षं मी घरीच चांदीचे आणि मण्यांचे दागिने करतेय आणि मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती लाजवर्दची. दुकानात लॅपिस किंवा लॅपिस लाझुली म्हणून मिळतो तोच हा, संस्कृतात राजावर्त. गडद निळा रंग, त्यात सोनेरी चुरा सांडल्यासारखे ठिपके, चांदीत शोभतो, सोन्यात तर जास्तच, आणि मोठ्या रत्नांच्या मानाने खिशाला परवडतो, त्यामुळे नवीन शिकणारे हमखास यानेच सुरुवात करतात. आणि हमखास यालाच बिघडवतात, कारण दिसायला भक्कम असला तरी हा दगड फार नाजूक आहे.

माझ्याकडे एक पेंडंट होतं, मस्त अंडाकृती लाजवर्द, चांदीच्या कोंदणात. वरची कडी तुटली म्हणून एका कारागिराकडे दिलं. त्यांनी कुठल्याही चांदीच्या वस्तूचं करतात तेच केलं, कडीला झाळ दिली आणि वस्तू पांढरी स्वच्छ व्हायला तेजाबाच्या पातळ पाण्यात सोडली. मी समोरच उभी होते. दोन मिनिटांत सडक्या अंड्यासारखा वास आला आणि चिमट्याने पेंडंट बाहेर काढलं तर चकचकीत निळ्यावर राख फासल्यासारखी फिकट साय आलेली, पांढऱ्या शिरा होत्या तिथे बारीक खड्डे पडलेले. दगडाला हे चालत नाही हे मी आधी सांगायला हवं होतं, मला तेव्हा माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून माझी कामाची पद्धत ठरून गेली: जे काही तापवायचंय, ॲसिडात घालायचंय, घासायचंय, काळं करायचंय ते सगळं आधी उरकून घ्यायचं आणि लाजवर्द सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी हा दगड नक्की आहे काय

हिरा, माणिक, नीलम हे एकेका खनिजाचे स्फटिक असतात. लाजवर्द तसा नाही, तो खडक आहे, म्हणजे चार-पाच खनिजांची खिचडी. निळा भाग लाझुराइटचा, पांढऱ्या शिरा कॅल्साइटच्या, सोनेरी ठिपके पायराइटचे, शिवाय थोडंफार सोडालाइट वगैरे. हे लक्षात ठेवायचं कारण असं की प्रत्येकाचा कडकपणा वेगळा. मोह्‌जच्या १ ते १० अशा कडकपणाच्या मापावर कॅल्साइट ३, निळा भाग साधारण ५ ते ५.५, पायराइट ६ ते ६.५. घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, ते ७. म्हणजे रोजच्या धुळीचं कोरडं फडकं जोरात फिरवलं तरी यावर ओरखडे पडू शकतात. आणि नीलम ९ असतो, त्यामुळे कुणी लाजवर्दला "नीलमसारखाच" म्हणून विकत असेल तर रंग सोडून दोघांत काहीही सारखं नाही हे ध्यानात असू द्या.

निळेपणा येतो तो गंधकामुळे. लाझुराइटच्या जाळीत गंधकाचे तीन-तीन अणू अडकलेले असतात, ते हा रंग देतात. ॲसिड लागलं की ती जाळी मोडते, गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन उडून जातो, तोच तो अंड्याचा वास, आणि शेजारचं कॅल्साइट फसफसून विरघळतं. आपल्या आज्या पांढऱ्या कपड्यांना जी पुडीतली नीळ द्यायच्या ना, ती अल्ट्रामरीन नीळ म्हणजे याच निळ्या पदार्थाची कारखान्यात केलेली आवृत्ती. ती करायची युक्ती युरोपात १८२०च्या दशकात सापडली, त्याआधी हा रंग हवा तर खरा दगडच कुटावा लागायचा. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत जो निळा आहे तो असाच आलेला. बाकीचे बरेचसे रंग जवळपासच्या माती-दगडांतून मिळाले, निळा मात्र हिंदुकुशातून इतक्या लांब आणावा लागला. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर तेवढा निळा जरा थांबून बघा.

हिंदुकुश म्हणजे अफगाणिस्तानातला बदख्शान, कोकचा नदीचं खोरं, तिथल्या सर-ए-संगच्या खाणी. सहा हजारांहून जास्त वर्षं तिथून हा दगड निघतोय. इजिप्तचा राजा तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यावरच्या भुवया आणि डोळ्यांच्या कडा लाजवर्दच्या आहेत, आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहरात राजघराण्याच्या थडग्यांत याचे मणी सापडले, आणि हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी तर या खाणींच्या वाटेवर शोर्तुगाईला आपलं ठाणंच वसवलं होतं. आजही सगळ्यात चांगला माल तिथलाच. चिलीमधूनही येतो, त्यात पांढरं जास्त असतं आणि रंग फिका, तसाच सायबेरियात बैकल सरोवराच्या बाजूला मिळतो. एक गोष्ट सांगायलाच हवी, बदख्शानच्या खाणींचा पैसा हत्यारबंद गटांकडे जातो हे २०१६ साली ग्लोबल विटनेस या संस्थेच्या अहवालात आलं होतं. छोट्या खरेदीत माल कुठून आला हे शोधणं अवघड जातं, तरी विक्रेत्याला विचारायची सवय ठेवा, आणि जुन्या मोडक्या दागिन्यांतले मणी परत वापरता आले तर मला तरी ते जास्त आवडतं.

विकत घेताना काय बघायचं

दिवसाउजेडी बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली निळा मंद आणि पांढऱ्या एलईडीखाली भडक दिसतो, म्हणून सरळ सांगायचं "जरा दारात नेऊन बघते" आणि बघायचं. सगळ्यात वरचा माल म्हणजे एकसारखा गडद निळा, किंचित जांभळ्याकडे झुकणारा, पांढरं जवळपास नाही आणि पायराइट असलंच तर बारीक शिंतोडे. पायराइट खूप झालं की दगड हिरवट-मळकट दिसायला लागतो. फिका, भरपूर पांढरा असलेला माल डेनिम लॅपिस म्हणून विकतात, तो वाईट नाही, स्वस्त असतो आणि हात बसवायला उत्तम, फक्त त्याला गडद मालाचा भाव देऊ नका.

कॅबोशॉन घेत असाल, म्हणजे वरून घुमटासारखा आणि खालून सपाट खडा, तर आधी उलटा करून बघा. पुढच्या बाजूला मेण आणि चकाकी असते, खरी हकीकत पाठीमागे दिसते. पाठीवर भेग आहे का, ती कडेपर्यंत गेलीय का, नखाने चाचपा. कडेपर्यंत गेलेली भेग असलेला खडा कोंदणात दाबताना तुटणार म्हणजे तुटणारच. कड सगळीकडून एकसारख्या जाडीची हवी, एकीकडे पातळ आणि एकीकडे जाड असेल तर कोंदण वाकडं बसतं.

भाव कशावर सांगतायत ते विचारून घ्या, ग्रॅमवर, कॅरेटवर, नगावर की लडीवर. ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, एवढं पाठ असलं की मनातल्या मनात तुलना होते. कुणी रत्तीत सांगितलं तर "ग्रॅममध्ये सांगा" म्हणायचं, रत्तीचं माप सगळीकडे एक नसतं. मण्यांची लड साधारण १५-१६ इंचांची असते. १६ इंचांच्या लडीत ६ एमएमचे ६५ च्या आसपास, ८ एमएमचे ५०, १० एमएमचे ४० मणी येतात, घेताना मोजून घ्या. लड हातात धरून गोल फिरवून बघा, भोकं मधोमध नसतील तर मणी डुगडुगतात आणि माळ कधीच सरळ पडत नाही.

खरा की रंगवलेला, घरी कसं ओळखायचं

बाजारात लाजवर्दच्या नावाखाली काय काय येतं? रंगवलेलं हाऊलाइट, म्हणजे मुळातला पांढरा दगड, रंगवलेला जास्पर ज्याला स्विस लॅपिस म्हणतात, सोडालाइट, दगडाची पूड राळेत घट्ट केलेला माल, आणि निळी काच. शिवाय खरा लाजवर्दच पण फिका, वरून रंग चढवलेला, हा प्रकार सगळ्यात जास्त.

पहिली तपासणी डोळ्यांनी, दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपमधून. मण्याच्या भोकात बघा, रंगवलेल्या हाऊलाइटच्या भोकात आत पांढरं दिसतं किंवा रंग भोकाच्या तोंडाशी साचलेला असतो. भेगांमध्ये आजूबाजूपेक्षा गडद निळ्या रेघा दिसल्या तर रंग मुरवलाय असं समजा. खरं पायराइट वेडंवाकडं, कोनाकोनाचं, कुठे दाट कुठे काहीच नाही असं असतं. सगळीकडे सारख्या अंतरावर चमचम करणारा चुरा दिसला तर ती काच आहे.

दुसरी तपासणी नेलपॉलिश रिमूव्हरची. कापूस काडीवर ॲसिटोनवालं रिमूव्हर घ्या, खड्याच्या पाठीवर किंवा एकाच मण्यावर पंधरा-वीस सेकंद चोळा. कापूस निळा झाला म्हणजे रंगवलेला. पण वरून मेण चढवलं असेल तर पहिल्यांदा काही निघत नाही, म्हणून पहिल्या काडीने मेण पुसायचं आणि दुसऱ्या काडीचा निकाल धरायचा. ॲसिटोनने मेणाची चकाकी जाते, त्यामुळे समोरच्या बाजूला हे करू नका, आणि दुकानात करायचं तर विचारून करा. लिंबू किंवा ॲसिडचा थेंब टाकून बघायची पद्धत काही जण सांगतात, त्याने दगड ओळखू येतो पण खराबही होतो, मी ती कधी करत नाही.

तिसरी तपासणी माझी सगळ्यात आवडती, कारण त्यात दगडाला काहीच होत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी कोरडी लड वजन करून आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. आता लड दोऱ्याला धरून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही, हातात अधांतरी धरायची, आणि मण्यांना चिकटलेले बुडबुडे हलवून काढून टाकायचे. काट्यावर जो आकडा येतो तो म्हणजे मण्यांचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागायचं. माझ्या ८ एमएमच्या लडीचं वजन भरलं ३६.९ ग्रॅम, पाण्यात आकडा आला १३.१, भागाकार २.८२. लाजवर्द साधारण २.७ ते २.९ मध्ये येतो. त्याच दिवशी "प्युअर लॅपिस" म्हणून घेतलेली दुसरी लड केली, दिसायला अगदी तशीच, ती भरली ३०.३ आणि पाण्यात १३.३, म्हणजे २.२८. हे सोडालाइट. सोडालाइट सुंदरच असतं, राग दगडाचा नाही, त्याला लाजवर्दचे पैसे घेतले त्याचा आहे. एकेकटा छोटा मणी मोजू नका, आकडा इतका लहान येतो की चूक मोठी होते. आणि रंगवलेला खरा लाजवर्द या तपासणीत पास होतो, त्याला रिमूव्हरच लागतं, म्हणून दोन्ही करा. तपासून झालं की लड मऊ सुती फडक्यावर रात्रभर वाळू द्या.

काय बनवायचं

पेंडंट, कानातले, माळ, ब्रोच, हे सगळं बिनधास्त करा. अंगठी रोज घालायची असेल तर माझं मत नको असंच आहे, हात भांड्यांना लागतो, साबण, लिंबू, कणीक, दाराच्या कड्या, सहा महिन्यांत चकाकी जाते. करायचीच तर बंद कोंदणात, घुमट कमी उंचीचा ठेवून, आणि समारंभापुरती. लाजवर्दमधून उजेड आरपार जात नाही, त्यामुळे मागे पत्रा बंद असला तरी रंग मरत नाही, हा मोठा फायदा आहे. नुसत्या चार नख्यांवर बसवू नका, नखीखाली सगळा दाब एका जागी येतो आणि तिथेच टवका उडतो.

चांदीच्या कोंदणातलं पेंडंट

टॉर्च वापरायचं काम आहे, त्यामुळे सोल्डरिंग आधी कुणाच्या तरी शेजारी बसून एकदा तरी शिकून घ्या, खिडकी उघडी ठेवा, चष्मा लावा, ओढणी आणि केस बांधून घ्या.

आपण १८ बाय १३ एमएमचा अंडाकृती खडा धरू. कोंदणाची पट्टी ९९९ शुद्ध चांदीची, ०.३ एमएम जाडीची घ्या, ९२५ ची घेतली तर कडक पडते आणि दाबताना जोर जास्त लागतो, तो जोर शेवटी दगडालाच बसतो. उंची किती? खडा सपाट ठेवून बाजूने बघा, घुमट आत वळायला लागतो त्याच्या जरा वरपर्यंत पट्टी यायला हवी, या मापाला साधारण ३ एमएम पुरते. लांबीचा हिशोब असा: १८ अधिक १३ भागिले २, म्हणजे १५.५, गुणिले ३.१४, म्हणजे ४८.७, त्यात पट्टीच्या जाडीपोटी ०.३ गुणिले ३.१४, म्हणजे साधारण १ एमएम मिळवा, जवळपास ४९.७. मी ५१-५२ एमएम कापते, खड्याभोवती घट्ट गुंडाळते, जिथे टोकं एकावर एक येतात तिथे ब्लेडने खूण करते आणि मग नेमकं कापते. टोकं कानशीने इतकी सरळ करा की जोडून उजेडासमोर धरली तर फट दिसता कामा नये. फट सोल्डरने भरून निघेल असं वाटतं, निघत नाही.

टाकणखार लावून हार्ड सोल्डरने सांधा झाळा (हार्ड, मीडियम, ईझी ही सोल्डरं या क्रमाने कमी कमी तापमानाला वितळतात, म्हणून आधीचा सांधा सुटत नाही). गार झाल्यावर कडं हाताने आकारात आणा आणि खडा घालून बघा. खडा आपल्या वजनाने खाली गेला पाहिजे आणि उलटं केल्यावर सहज बाहेर आला पाहिजे. दाबून बसवावा लागत असेल तर कडं लहान आहे, किंचित ठोकून वाढवा. सैल होऊन गरगर फिरत असेल तर कापून परत करा, मन मोठं करून परत करा, कारण सैल कोंदण दाबताना सुरकुत्या पडतात आणि त्या शेवटपर्यंत डोळ्यात खुपतात.

मग कड्याची खालची कड ओल्या सँडपेपरवर सपाट घासा, ०.५ एमएम जाडीच्या ९२५ च्या पत्र्यावर ठेवा आणि मीडियम सोल्डरने जोडा, उष्णता खालून द्या म्हणजे पातळ पट्टी वितळायची नाही. करवतीने बाहेरचा पत्रा कापा, कड कानशीने गोल करा. याच वेळी मी पाठीच्या पत्र्याला मधोमध ३-४ एमएमचं भोक पाडते, खडा अडकला तर मागून ढकलून काढता येतो, आणि पुढेमागे कधी दुरुस्ती निघाली तर कोंदण उघडून दगड धक्का न लावता बाहेर येतो. भोकाला फुलाचा, पानाचा आकार दिलात तर पाठही छान दिसते. मग वरची कडी ईझी सोल्डरने.

आता पिकल, म्हणजे ॲसिडचं कोमट पाणी. घरी सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्त्व, पुरतं. चांदी पांढरी झाली की काढा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, मग साध्या पाण्याने नीट धुवा. सोड्याची पायरी सोडू नका, सांध्यात आणि कोपऱ्यात राहिलेला ॲसिडचा थेंब नंतर दगडाखाली बसून आपलं काम करत राहतो. ऑक्सिडाइज करायचं असेल तर आत्ता, पॉलिशही आत्ता, ब्रशने, बफने, जे काय असेल ते. मग वस्तू पूर्ण वाळवा. इथपर्यंत खडा डबीतच आहे.

आता खडा काढा. आधी त्याची खालची धारदार कड ओल्या ६०० नंबरच्या सँडपेपरवर दोन-तीन हात फिरवून मोडून घ्या. कोंदणाच्या आत तळाच्या कोपऱ्यात सोल्डरची बारीकशी चढण असते, धारदार कड तिच्यावर अडते, खडा पूर्ण टेकत नाही आणि दाब दिल्यावर तडकतो. बसवून बघताना खाली एक दोरा आडवा ठेवा, काढायचा झाला की दोरा ओढायचा. खडा खोल बसत असेल तर खाली पातळ प्लास्टिकचा तुकडा त्याच मापात कापून घाला, पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा नको, पाणी लागलं की फुगतो. पाठीला भोक असेल तर प्लास्टिकलाही तिथे तेवढंच भोक पाडायचं.

घुमटावर मास्किंग टेप लावा, स्टीलचं अवजार लाजवर्दपेक्षा कडक असतं आणि एकदा घसरलं की रेघ पडलीच. मग बेझल पुशरने पट्टी आत ढकला, पण गोल गोल फिरत जायचं नाही. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं समोरासमोर, आधी वर, मग खाली, डावीकडे, उजवीकडे, मग मधल्या चार जागा, मग त्यांच्या मधल्या. प्रत्येक वेळी थोडंच. सगळीकडून पट्टी दगडाला टेकली की घोटणीने कड घोटून गुळगुळीत करा. बोटाने खडा हलवून बघा, कानाजवळ नेऊन हलवा, टकटक आवाज यायला नको. टेप काढा, मऊ कपड्याने पुसा, बस. यानंतर रबर व्हील, बफ, सँडपेपर काहीही दगडाजवळ न्यायचं नाही. चांदीवर ओरखडा राहिला असेल तर राहू दे.

चकाकी गेलेला दगड

फार खोल गेलेलं नसेल तर घरी परत येते. वॉटरप्रूफ सँडपेपर ६००, १०००, २०००, ३००० असे आणा, कायम ओले ठेवून घासा, ओल्यामुळे धूळ उडत नाही, ती नाकात जायला नको. घासताना गंधकाचा हलका वास आला तर घाबरू नका, ते दगडाचंच आहे. पेपरखाली मऊ स्पंज ठेवा आणि हात हलका ठेवा, कारण जोर दिला की मऊ कॅल्साइट आधी झिजतं, पायराइट उंच राहतं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. एका नंबरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही, दर वेळी दिशा बदला म्हणजे जुन्या रेघा दिसतात. शेवटी चामड्याच्या तुकड्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पावडर पाण्यात कालवून घासा. माझ्या त्या जळक्या पेंडंटचा खडा मी कोंदण उघडून असाच काढून घासला, फिकट थर गेला, निळा परत आला, पांढऱ्या शिरांमधले खड्डे मात्र अजून आहेत.

मण्यांची माळ

सोपं वाटणारं पण निगुतीचं काम. आधी मण्यांची भोकं बघा, कडा धारदार असतात आणि त्याच दोरा कापतात. बीड रीमर, म्हणजे भोकं घासायची बारीक टोकदार कानस, पाण्यात बुडवून प्रत्येक भोकाच्या दोन्ही तोंडांना दोनदा फिरवा. पन्नास मण्यांना अर्धा-पाऊण तास जातो, पण हा अर्धा तास दिला नाही तर माळ वर्षभरात भर लग्नात तुटते.

प्रत्येक मण्यानंतर गाठ हवीच. मणी एकमेकांवर घासले की लाजवर्द लाजवर्दला झिजवतो, भोकांभोवती पांढुरकी वर्तुळं दिसायला लागतात. शिवाय तुटली तर एकच मणी पडतो. हिशोब बघा: १८ इंच म्हणजे ४५७ एमएम, फासा आणि कड्यांचे २० वजा केले की राहिले ४३७, एक मणी ८ आणि गाठ साधारण १, म्हणजे ४३७ भागिले ९, अठ्ठेचाळीस मणी. पन्नासच्या लडीत माळ होऊन दोन मणी उरतात, त्यांचे कानातले करा, रंग जुळवायची कटकटच नाही.

ओवायच्या आधी मणी पांढऱ्या टॉवेलवर मांडा, एकाच लडीत पण छटा वेगळ्या असतात, सगळ्यात गडद समोर आणि फिके मानेमागे असे लावा. दोरा रेशमी, दुहेरी, भोकातून दोन पदर जेमतेम जातील एवढा जाड, लांबी माळेच्या पाचपट. ओवायच्या आधी दोरा ओढून ताणून रात्रभर वजन लावून टांगा, नाहीतर महिन्याभरात माळ लांबते आणि गाठींमध्ये फटी पडतात. गाठ मारताना सैल फास करा, त्यात चिमट्याचं टोक किंवा सुई घाला, सुईने गाठ मण्याला टेकेपर्यंत सरकवा, मग सुई काढत काढत आवळा. पहिल्या दहा गाठी वेड्यावाकड्या येतील, त्यासाठी साधे काचेचे मणी वापरा. टोकाला फाशाची कडी दोऱ्यावर थेट घासू नये म्हणून बारीक तारेची फ्रेंच वायर घाला. शेवटची गाठ फेविक्विकने भिजवू नका, दोरा तिथे कडक होऊन मोडतो, दोऱ्याचं टोक मागच्या दोन मण्यांमधून परत ओवून कापा. हे सगळं जमत नसेल तर मणी रीमरने साफ करून पटवेकऱ्यांकडे द्या आणि "प्रत्येक मण्याला गाठ" असं स्पष्ट सांगा, त्यांचा हात वर्षानुवर्षांचा असतो.

वापर आणि सांभाळ

आधी अत्तर, स्प्रे, क्रीम, ते वाळलं की मग दागिना. घरी आल्यावर किंचित ओल्या मऊ कपड्याने पुसायचा, घाम राहू द्यायचा नाही, कोरडा करून वेगळ्या मऊ पिशवीत. सोन्या-हिऱ्याच्या शेजारी एका डब्यात नको. सणाच्या आधी घरातली चांदी चिंचेने, लिंबाने, टूथपेस्टने उजळायची आपली पद्धत आहे, त्या परातीत लाजवर्दचं काही जाणार नाही याची काळजी घ्या. चांदी उजळायचं तयार लिक्विड मिळतं त्यातही ॲसिड असतं. अल्ट्रासॉनिक मशीन नाही, वाफ नाही, गरम पाणी नाही. चांदीची कड काळी पडली तर दगड सोडून फक्त कडेवर कोरडा पॉलिशिंग कपडा. माळ नियमित घालत असाल तर दोनेक वर्षांनी गाठी तपासा, दोरा मळका आणि पिसारलेला दिसला की परत ओवून घ्या.

आणि दागिना कुणाला देत असाल किंवा विकत असाल तर डबीत एक छोटी चिठ्ठी ठेवा, मी प्रत्येक वस्तूसोबत ठेवते. त्यावर एवढंच: "खडा लाजवर्द आहे. झाळताना आधी खडा काढा. तेजाब, लिंबू, चिंच, गरम पाणी लावू नका." ज्याला दिला त्याला उद्या कडी तुटल्यावर हे आठवणार नाही, पण डबी घेऊन सोनाराकडे जाईल तेव्हा चिठ्ठी सोनाराच्या हातात पडेल.